कोल्हापूरच्या राजारामपुरीत फ्रिज घेताना: नो-कॉस्ट ईएमआय की एकरकमी कार्ड?

३६ हजारांचा फ्रिज. सेल्समन म्हणतो, ‘सहा हप्ते करा की ओ, विषयच संपला!’ संपत नाही. नो-कॉस्ट म्हणजे हप्त्यांवरच्या व्याजाएवढी सूट मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच माथी, बहुतेकदा प्रोसेसिंग फीसुद्धा. घासाघीस करून मिळणारी सवलत जाते ती वेगळीच.

एकरकमी कार्ड घासलं, तेही कार्डाचं बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तर दीड महिना बिनव्याजी मिळतो. पण बिल पूर्ण भरायचं. नुसता ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून लेट फी टळते, व्याज नाही. नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून मीटर चालू. तारीख हुकली तर तीन दिवस उलटेपर्यंत लेट फी लागत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

पैसे हाताशी असतील तर माझं मत एकरकमीला. नाहीतर हप्ते, पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावूनच.