हँडब्रेक : आकार नव्हे, दर्जा सांगा

व्हिडिओ लहान करून देणारी ॲप्स ढिगाने मिळतात. बहुतेकांत 'लो, मीडियम, हाय' यापलीकडे हाती काही लागत नाही. हँडब्रेक फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, आणि आत काय चाललंय ते लपवत नाही.

१०८०पीचा एक सेकंद, म्हणजे २५ फ्रेम्स, न दाबता साठवला तर सुमारे ७८ एमबी होतो. मिनिटाला साडेचार जीबीच्या वर! म्हणून एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा भाग, मागच्या फ्रेममधलं पुन्हा लिहीत नाही. काय सरकलं तेवढंच नोंदवतो आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देतो. टाकलेलं परत येत नाही, तेव्हा मूळ फाईल पुसायची घाई नको.

खरी किल्ली 'आरएफ' या दर्जा ठरवणाऱ्या आकड्यात आहे; तो जितका मोठा, तितका दर्जा कमी. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये तो ६ने वाढवला की फाईल साधारण निम्मी होते. १०८०पीला २० ते २४ ठीक. २२पासून सुरुवात करा. त्याच आरएफवर खुर्चीतली मुलाखत चिमुकली होते आणि अक्षता उडणारा लग्नाचा मांडव फुगतो. हा दोष नव्हे, तिथे हालचालच जास्त असते. कमी उजेडातल्या शूटिंगचे दाणेही असेच बिट्स खातात. 'डीनॉइज' हा दाणे पुसणारा फिल्टर हलका लावला की फरक पडतो. गडद आकाशात पट्टे दिसले तर एक्स२६५ १०-बिट हा रंगांच्या जास्त छटा राखणारा एन्कोडर घ्या. वेळ मात्र बराच लागेल. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर झटपट उरकतो, पण तेवढ्याच दर्जाला फाईल मोठी करतो.

खटकतं ते सुरुवातीचं प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग्जचा संच. 'फास्ट १०८०पी३०' हे ६० फ्रेम्सचं चित्रीकरण गुपचूप ३०वर आणतं, ४केसुद्धा १०८०पी करतं. खेळाचा व्हिडिओ असेल तर फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स' करा. आवाज आधीच एएसी या दाबलेल्या प्रकारात असेल तर 'पासथ्रू' निवडा, म्हणजे तो जसाच्या तसा जातो; पुन्हा कशाला दाबायचा? चित्राला मात्र पासथ्रू नाही. नुसता तुकडा कापायलाही सगळं नव्याने एन्कोड होतं. व्हॉट्सॲपवरून आलेली, आधीच पिळलेली फाईल इथे घातली तर चक्क मोठी होऊन बाहेर येऊ शकते.

'२०० एमबीत बसव' असं थेट सांगायची सोय नाही. हिशेब आपणच करायचा: १० मिनिटांसाठी २०० × ८००० ÷ ६००, म्हणजे सुमारे २६६० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). आवाजाचे १६० वजा करून 'ॲव्हरेज बिटरेट'मध्ये २४५० टाका, थोडी जागा राखून, आणि 'मल्टी-पास' (आधी व्हिडिओ तपासून मग एन्कोड करणं) चालू ठेवा.