जिवाणूंनी बनवलेल्या धाग्याचे टाके : चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात मी बत्तीस वर्षे केमिस्ट होतो आणि त्यातला बराचसा काळ जिवाणू मारण्यात गेला. हंगामात मिलची सफाई जरा ढिली पडली की रसात ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू माजतो, साखर फस्त करून डेक्स्ट्रानचा चिकट लगदा करतो आणि रस गाळण्यापासून साखरेचे दाणे पाडणाऱ्या पॅनपर्यंत सगळ्यांची झोप उडवतो. अशा माणसाच्या पोटाची भिंत जिवाणूंनी बनवलेल्या प्लॅस्टिकच्या धाग्याने शिवली जाणार, हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कळले तेव्हा मला हसू आले.

मिरजेतील एका रुग्णालयात माझ्या मोठ्या आतड्यातली गाठ काढायची होती. छेद उभा, बेंबीच्या वर-खाली मिळून वीतभराचा. त्यात मला जुना दमा. खोकल्याच्या प्रत्येक उबळीने पोटाच्या टाक्यांवर ताण येतो आणि आतली शिवण उसवली तर पुढे हर्निया होतो. सर्जनांनी स्पष्टच सांगितले, "काका, तुमचा खोकला थांबवणे माझ्या हातात नाही, टाका जास्त दिवस धरणारा घालणे आहे." त्यांनी सुचवलेला धागा पॉली-४-हायड्रॉक्सिब्युटिरेटचा, थोडक्यात पी-फोर-एचबीचा होता.

विरघळणारे टाके म्हटले की टाके काढण्याचा त्रास वाचला, एवढेच आपल्या मनात येते. खरा प्रश्न धागा विरघळतो की नाही हा नसून विरघळण्याआधी तो किती दिवस धरून ठेवतो, हा आहे. नेहमीच्या वापरातल्या पॉलिग्लॅक्टिनच्या वेणीदार धाग्याची पकड साधारण चार आठवड्यांत संपते, पॉलिडायॉक्सनोनचा एकपदरी धागा सुमारे सहा आठवडे टिकतो, तर पोटाच्या भिंतीतल्या चिवट पांढऱ्या पडद्याला पुरेशी ताकद यायला काही महिने लागतात. पी-फोर-एचबीच्या धाग्यात तीन महिन्यांनंतरही जवळपास निम्मी ताकद उरते आणि तो शरीरातून पूर्ण नाहीसा व्हायला वर्षाहून अधिक काळ लागतो. शिवाय हा धागा थोडा ताणला जातो, त्यामुळे पोट फुगले किंवा उबळ आली तरी तो तारेसारखा मांसात रुतत नाही. तो एकपदरी असल्यामुळे वेणीच्या फटींत जंतू दडून बसण्याची भीतीही कमी.

या पदार्थाची जन्मकथा मला माझ्या धंद्यामुळे अधिक रंजक वाटली. काही जिवाणूंना साखर भरपूर मिळाली पण नत्र अपुरे पडले, तर त्यांची वाढ खुंटते आणि उरलेला कार्बन ते पेशीत दाण्यांच्या रूपाने साठवतात. आपण अंगावर चरबी साठवतो त्यातलाच प्रकार. पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फ्रेंच शास्त्रज्ञ मोरिस लमॉन्य यांनी १९२० च्या दशकात हे दाणे पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटचे, म्हणजे पीएचबीचे, असल्याचे दाखवले. क्युप्रिअॅव्हिडस नेकाटर नावाचा जिवाणू तर कोरड्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत हा साठा करतो. मात्र साधे पीएचबी ठिसूळ असते. टाक्यांसाठी लागणारा त्याचा लवचीक भाऊबंद, म्हणजे पी-फोर-एचबी, ई. कोलाय या जिवाणूच्या जनुकांत फेरफार करून फर्मेंटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या टाकीत, तयार करतात. त्यापासून बनवलेल्या टाक्यांच्या धाग्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये परवानगी दिली. शरीरातल्या पाण्याने त्याच्या साखळ्या हळूहळू तुटतात आणि सुटणारे ४-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल आपल्या शरीरात मुळातच अल्प प्रमाणात असल्याने त्याचा निचरा कार्बन डायऑक्साइड व पाणी यांच्या रूपाने होतो.

आता अनुभव. वरच्या कातडीचे टाके वेगळे होते आणि ते बाराव्या दिवशी काढले. आतल्या धाग्याला कोणी हात लावला नाही. पहिले दोन महिने मी उशी पोटाशी धरूनच खोकत असे. जखम चिघळली नाही, पू झाला नाही. उणीव सांगायची तर गाठींची. एकपदरी धागा गुळगुळीत असल्याने गाठ सुटू नये म्हणून तिला अनेक वेढे घालावे लागतात आणि माझ्यासारख्या सडपातळ माणसाला ती कातडीखाली हाताला लागते. बेंबीच्या वर तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ दहा महिने जाणवत राहिली. धोतराची गाठ नेमकी तिच्यावर येई, तेव्हा बोचतही असे. अकराव्या महिन्यात ती सापडेनाशी झाली. गेल्या महिन्यात केलेल्या सोनोग्राफीत हर्निया आढळला नाही.

किंमत साध्या धाग्याच्या कित्येक पट आहे. आपल्याकडे मळीला तोटा नाही आणि मळीवर असे जिवाणू वाढवता येतात, त्यामुळे हे स्वस्त का नाही, असे मलाही आधी वाटले होते. खर्च कच्च्या मालात नसून शुद्धीकरणात असावा, असे माझे मत आहे; ई. कोलायच्या आवरणातले ताप आणणारे विषारी घटक पूर्णपणे काढल्याखेरीज तो माल माणसाच्या पोटात घालता येत नाही. रुग्णालयाच्या कारभाराविषयी मात्र तक्रार आहे. बिलात हा धागा "सर्जिकल साहित्य" या एकाच मोघम रकमेत गाडला होता आणि पाकिटावरचे लेबल मिळवण्यासाठी मला दोनदा काउंटरवर उभे राहावे लागले. ते लेबल मागून घ्यावेच. याच पदार्थाच्या, हर्निया दुरुस्त करण्यासाठी बसवायच्या जाळीचे माहितीपत्रक सांगते की उत्पादनात टेट्रासायक्लिन व कॅनामायसिन ही प्रतिजैविके वापरतात. या औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी सर्जनांना आधीच सांगावे.

हा धागा सर्वांनी मागावा असे मात्र नाही. माझ्या धाकट्या बहिणीचे पित्ताशय सांगलीत दुर्बिणीने काढले, छिद्रे बोटभरसुद्धा नव्हती. तिथे नेहमीच्या धाग्याचे दोन-तीन टाके पुरले आणि तिच्या सर्जनांनी महागड्या धाग्याचा विषयही काढला नाही.