मेलबर्नचं पेलेग्रिनीज की सिडनीचं हॅरीज?

ऑस्ट्रेलियात खायला नाव काढण्यासारखं म्हणजे महागडंच असतं असं नाही. मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवरचं पेलेग्रिनीज हे छोटं इटालियन कॅफे १९५४ चं. लांब काउंटर, उंच स्टुलं, इटालियन पास्ता आणि कडक एस्प्रेसो. शेजारच्याच्या कोपराला कोपर लागतं, पण निदान बूड टेकतं.

सिडनीचं हॅरीज कॅफे द व्हील्स म्हणजे वूलूमूलूला नौदलाच्या तळाशेजारची ‘पाय’ची (pie, म्हणजे आत सारण भरून भाजलेली खुसखुशीत पेस्ट्री) गाडी, १९३८ सालापासूनची. इथला ‘टायगर’ मागवा (संस्थापक हॅरी एडवर्ड्सचं टोपणनावच ते). गरम मीट पायवर कुस्करलेल्या बटाट्याचा गोळा, त्यावर मटारचा लगदा आणि मधोमध खळगा करून ओतलेली ग्रेव्ही. भाताला आळं करून वरण वाढतात ना, अगदी तसंच! खाताना शर्टाची काळजी घ्या. ग्रेव्ही मनगटापर्यंत येते.

शाकाहारी मंडळींना पेलेग्रिनीजच सोपं, टोमॅटो सॉसचा पास्ता मिळतो. टायगरमध्ये मात्र बीफ असतं, आधीच विचारलेलं बरं. कॉफीतही मेलबर्न पुढे. तरी रात्री उशिरा भूक लागली आणि समोर बंदर असलं, तर माझं मत हॅरीजला. स्टूल नसलं तरी चालेल.