जुनं नाशिक वाचायचं कसं: नकाशाची घडी की संगणकाची रेघ?

शहराच्या घडणीचा अभ्यास करायला मुख्यतः दोन वाटा. पहिली भूगोलतज्ज्ञ एम. आर. जी. कॉन्झेन यांची. त्यांनी 1960 मध्ये इंग्लंडमधल्या ॲनिक या गावाचा आराखडा रस्ते, भूखंड आणि इमारती असा सुटा करून वाचला. दुसरी लंडनचे संशोधक बिल हिलियर आणि ज्युलियन हॅन्सन यांची, ‘स्पेस सिंटॅक्स’. इथे गल्ल्यांच्या सरळ रेघा मारायच्या आणि एका रेघेवरून बाकीच्या रेघांवर जायला किती वळणं लागतात, ते संगणकाने मोजायचं.

जुन्या नाशकात तिवंध्याजवळच्या एखाद्या बोळात उभं राहा. वाडा पडून चार मजली इमारत आली, तरी दर्शनी रुंदी तेवढीच, आतली लांबी मात्र थेट मागच्या बोळापर्यंत. ती अरुंद पट्टी सिटी सर्वेच्या शीटवर, म्हणजे भूखंडांच्या हद्दी दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, दिसते. रेघांच्या नकाशाला तिचा पत्ताच नसतो. घर बदलतं, हद्द टिकते. कॉन्झेन यांचा हा मुद्दा इथे चपखल बसतो. पण शीट मिळवताना चपला झिजतात, हेही खरं.

रेघांचं काम झटपट होतं, सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. वर्दळीचा रस्ता कोणता असेल, याचा अंदाज त्यातून चांगला येतो. अडचण चढ-उताराची. सराफ बाजारातून गोदाकाठी उतरणं आणि सामान घेऊन परत चढणं, साध्या रेघेला दोन्ही सारखंच! टेकड्यांवर वसलेल्या गावात हे कसं चालावं?

नव्या नाशकातल्या कॉलेज रोडसाठी मी रेघा घेईन. जुन्या नाशकात आधी शीट.