सीबीनाट घ्यावं की ट्रूनाट? खानदेशातल्या प्रयोगशाळेपुरतं

दोन्ही मशीनं थुंकीतल्या क्षयजंतूचा डीएनए शोधतात आणि क्षयाचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडेल का, हेही सांगतात. सूक्ष्मदर्शकाच्या तुलनेत दोन्ही पुष्कळ पुढे आहेत, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. धुळ्या-जळगावच्या मोठ्या रुग्णालयात सीबीनाट शोभेल आणि डोंगरातल्या धडगाव-मोलगीकडे ट्रूनाट, असं माझं मत आहे.

हाताळायला सीबीनाट सोपं, हे आधी मान्य करतो. एक भाग थुंकीत दोन भाग रिएजंट (चाचणीचं रसायन) घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं, 15 मिनिटं ठेवायचं, मध्ये एकदा पुन्हा हलवायचं आणि 2 मिली कार्ट्रिजमध्ये, म्हणजे एकदाच वापरायच्या डबीत, सोडायचं. पुढे हात लावावा लागत नाही. बेडका नीट पातळ झाला नाही किंवा त्यात अन्नाचे कण राहिले, तर आत दाब वाढून चाचणी मध्येच थांबते. रुग्णाला नमुना देण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरायला लावली की हे बरंच टळतं. अल्ट्रा हे नवं कार्ट्रिज तर मिलीलीटरमागे साधारण 16 जंतूही पकडतं, जुन्याला 100 च्या वर लागायचे. लहान मुलांचे आणि एचआयव्ही रुग्णांचे नमुने जास्त येत असतील, तर ही मोठी जमेची बाजू. मात्र ‘ट्रेस’, म्हणजे जंतूचा अगदी पुसटसा माग, असं उत्तर आलं की रिफाम्पिसिनचं काही कळत नाही. आधी उपचार झालेल्या माणसात तो मेलेल्या जंतूंचा उरलेला डीएनएही असू शकतो.

माझं घोडं अडलं ते उन्हाळ्यात. सीबीनाटला खोली 30 अंशांच्या आत लागते आणि कार्ट्रिज 28 च्या आत ठेवावी लागतात. चोपडा, भुसावळ, शहाद्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. लाइट गेली तरी यूपीएसवर मशीन तग धरतं, पण एसी यूपीएसवर नसतो. मशीन चालू आणि खोली तापलेली, अशी अवस्था होते. रात्री प्रयोगशाळा बंद असताना साठ्याची खोली किती तापली, हे सकाळी कोणी पाहत नाही. चाचणी मध्येच बंद पडली की कार्ट्रिज वाया, आणि डोंगरातून आलेल्या रुग्णाला पुन्हा नमुना मागायचा. तो परत येईलच असं नाही.

ट्रूनाट 40 अंशांपर्यंत एसीशिवाय चालतं, चिप 30 पर्यंत ठेवता येतात आणि बॅटरीवर दिवसाचं काम उरकतं. पण या सोयीची किंमत हातांच्या कामाने मोजावी लागते. नमुन्यात तो पातळ करणाऱ्या लिक्विफॅक्शन बफरचे 2 थेंब टाकून 10 मिनिटं थांबायचं, मग 0.5 मिली जंतू फोडणाऱ्या लायसिस बफरमध्ये घ्यायचं, त्यात पुन्हा 2 थेंब टाकून 3 मिनिटं थांबायचं. ते सगळं ट्रूप्रेपच्या, म्हणजे डीएनए वेगळा काढणाऱ्या जोडमशीनच्या, कार्ट्रिजमध्ये ओतलं की साधारण 20 मिनिटांत डीएनए मिळतो. त्यातले नेमके 6 मायक्रोलीटर मायक्रोट्यूबमध्ये घ्यायचे, रिएजंट विरघळू द्यायचं आणि मग चिपच्या विहिरीत (छोट्या खळग्यात) सोडायचे. चाचणी बिघडते ती इथेच. ट्यूब टिचकी मारून हलवली, थेंबात बुडबुडा राहिला किंवा थेंब विहिरीबाहेर गेला, तर निकालावर विश्वास उरत नाही. उकाडा कितीही असो, नमुना उघडताना आणि पिपेट हातात असताना डोक्यावरचा पंखा बंदच हवा.

क्षय निघाला तर रिफाम्पिसिनसाठी दुसरी चिप लावावी लागते, म्हणजे आणखी तासभर. डीएनए तोच चालतो, रुग्णाला परत थांबवावं लागत नाही. ट्रूप्रेप एका वेळी एकच नमुना घेतं. रोज वीस-पंचवीस नमुने येत असतील आणि एसीला जनरेटरचा आधार असेल, तर चार मॉड्यूलचं, म्हणजे एका वेळी चार नमुने घेणारं, सीबीनाट घेणं शहाणपणाचं. दिवसाला आठ-दहा नमुने आणि लाइटीचा भरवसा नसेल, तर मी ट्रूनाटकडेच झुकेन.

उपचाराचा परिणाम बघायला मात्र यातलं कुठलंच वापरू नका, मेलेले जंतूही पॉझिटिव्ह दाखवतात. आयसोनायझिड या क्षयाच्या दुसऱ्या औषधाचा प्रतिकार या चाचण्यांत कळत नाही, तो बघायचा तर नमुना लाइन प्रोब या वेगळ्या डीएनए चाचणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. आणि ट्रूनाट घेतलंत, तर पिपेटचा सराव दोघांना द्या. एकच हात तयार असला, तर तो रजेवर गेला की मशीन झाकून ठेवावं लागतं.