मासात्लान: वाळूवरची खोली की जुन्या गावातली?

लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं फिनिक्सहून मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मासात्लानला जायचं ठरवलं, आणि गाडी हॉटेलवर येऊन अडली. हिला खिडकीतून समुद्र हवा होता, मला जुनं गाव. शेवटी तीन रात्री तिकडे, तीन रात्री इकडे अशी वाटणी झाली. त्यामुळे दोन्हींबद्दल थोडं बोलू शकतो. सहा रात्रींचाच अनुभव आहे, तेवढ्याच मापाने घ्या.

पहिल्या तीन रात्री सोना दोरादा या किनाऱ्यालगतच्या भागात. नावात सोनं आहे, पण ते ‘दोरादा’त, ‘सोना’ म्हणजे नुसता विभाग. मोठी हॉटेलं, पोहण्याचे ऐसपैस तलाव, खोलीतून चपला न घालता वाळूवर. पोहणाऱ्यांनी इथेच राहावं, यात वाद नाही. समोरची बेटं लाटांचा जोर बराच मोडतात. जुन्या गावाजवळच्या किनाऱ्याचं नावच ओलास आल्तास, म्हणजे उंच लाटा. तिथे खडकही आहेत, आम्ही गुडघाभर पाण्याच्या पुढे गेलो नाही. सूर्यास्त दोन्हीकडे सारखाच सुंदर, तो हिशेबात धरू नका.

माझं बिनसलं ते बँडवरून. मासात्लान ज्या सिनालोआ प्रांतात आहे, त्याचं हे खास संगीत: पितळी वाद्यं, क्लॅरिनेट, पोटात घुमणारा ट्युबा आणि तांबोरा हा मोठा ढोल. एक बँड ऐकायला बहार येते. पण वाळूवर गाण्यागणिक पैसे देऊन कुणीही बँड बोलावू शकतो. आमच्या बाल्कनीखाली एका दुपारी तीन वेगवेगळ्या कुटुंबांनी तीन बँड बोलावले, तिघांची गाणी वेगळी. विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांची पथकं चौकात समोरासमोर आली की जे होतं, ते इथे अंधार पडल्यावरही चालू होतं. हिने तिसऱ्या रात्री बाल्कनीचं दार लावून घेतलं, आणि ज्या समुद्रासाठी जास्तीचे पैसे मोजले होते तो काचेआड गेला. वादकांचा दोष नाही, ते पोटासाठी वाजवतात. 2024 मध्ये हॉटेलवाल्यांनी किनाऱ्यावरच्या वाजवण्यावर बंधनं मागितली तेव्हा हेच वादक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले होते. माझी सहानुभूती त्यांच्याकडे आहे, फक्त झोप दुसरीकडे हवी.

दुसरी एक बारीक कटकट. संध्याकाळी जीव रमतो तो जुन्या गावात, म्हणजे रोज जाऊन-येऊन ‘पुल्मोनिया’ करावी लागते. ही इथली उघडी टॅक्सी, 1965 पासूनची. नावाचा अर्थ न्यूमोनिया. उघड्यावर वारा खाऊन तोच होईल, अशी म्हणे इतर टॅक्सीवाल्यांनी उडवलेली टर. गाडी मजेची, पण मीटर नाही. बसण्याआधी भाव ठरवायचा, परतताना पुन्हा. पुण्याच्या रिक्षांवर वाढलेल्या माणसालाही चौथ्या दिवशी याचा कंटाळा येतो.

जुन्या गावातलं आमचं हॉटेल म्हणजे मोजक्या खोल्यांचं जुनं घर. मधे चौक, भोवती खोल्या, जाड भिंती, उंच छत. वाड्यात राहिलेल्याला काही समजावून सांगावं लागत नाही. तलाव होता, पण हौदाएवढा. लिफ्ट नाही; बॅगा जिन्यावरून चढवताना प्रणय थोडा मागे पडतो. आमच्या खोलीची खिडकी चौकात उघडायची, म्हणजे समुद्र नाहीच. पण दार ओढलं की बाहेरचं जग बंद.

दोन मिनिटांवर प्लासुएला माचादो, 1837 चा चौक, आणि कोपऱ्यावर आंखेला पेराल्ता थिएटर. ही मेक्सिकोची नावाजलेली ऑपेरा गायिका. 1883 मध्ये कार्यक्रमासाठी इथे आली, पीतज्वराने गाठलं, आणि थिएटरला लागून असलेल्या हॉटेलात मरणशय्येवर तिचं लग्न लावलं गेलं. वाढदिवसाच्या सहलीला ही गोष्ट सांगावी का, असा प्रश्न मला पडला होता. हिनेच वाचून मला सांगितली. मग त्या चौकात बसून आग्वाचिले खाल्लं: लिंबू-मिरचीत मुरवलेली कच्ची कोळंबी. ज्यांना कोळंबी शिजलेलीच लागते त्यांनी आधी विचारावं. जेवून खोलीवर चालत आलो, कुणाशी भाव न करता.

शुक्रवार-शनिवारी चौकातल्या हॉटेलांचा आवाज उशिरापर्यंत असतो, तेव्हा रस्त्याकडची खोली घेऊ नका. कार्निव्हलच्या दिवसांत तर सगळा गोंगाट ओलास आल्तासलाच येतो, त्या आठवड्यात माझं सगळं म्हणणं उलटं समजा. मुलं बरोबर असतील किंवा गुडघे दुखत असतील, तर सोना दोरादाच बरा.

दोघंच असाल तर जुनं गाव. मागच्या बाजूची, हॉटेलच्या आतल्या चौकात उघडणारी खोली मागून घ्या. पुढच्या वर्षीचं बुकिंग हिने केलंय, आणि या वेळी समुद्राचं नावही काढलेलं नाही.