सतरा वर्षांच्या अनुभवावर बी.टेक. : १,२९,२२० रुपयांचा चुना

लिहायची लाज वाटते. पण गप्प बसलो तर मला खोटी पदवी विकणारा तो माणूस अजून चार जणांना टोपी घालणार, म्हणून लिहितो. वाचून "एवढं कसं कळलं नाही?" असं विचारू नका. तो प्रश्न घरात रोज ऐकतोय.

मी फिटर. सांगलीत आयटीआय केलं, २००७ साली पास झालो आणि तेव्हापासून कुपवाड एमआयडीसीत आहे. दहावी झालेली, बारावी नाही. कामात कुणी बोट दाखवलेलं नाही. पण २०२४ च्या एप्रिलमध्ये सुपरवायझरची जागा निघाली आणि ती मिळाली एका तेवीस वर्षांच्या डिप्लोमावाल्या पोराला. डायल गेजची सुई कशी वाचायची हे त्याला मीच शिकवलं होतं. पोरगा चांगला आहे, त्याच्यावर राग नाही. पण त्या दिवशी सेकंड शिफ्ट करून घरी आलो तेव्हा जेवण गेलं नाही. माणूस अशाच वेळी सापडतो. ऊस कधी तोडायचा हे टोळीला बरोबर कळतं, तसं या लोकांनाही कळतं.

विश्रामबागेत मोबाइलच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. फ्लेक्सवर लिहिलेलं, "बारावी नाही? काळजी नाही! आयटीआय + अनुभव = थेट पदवी". अशी ऑफिसं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे. एसी, काचेचं टेबल, मागे विद्यापीठाच्या लोगोचा बॅनर आणि पाण्याची बाटली पुढे करणारी मुलगी. ते सोडा. मी कशाला भुललो ते सांगतो, कारण सगळं खोटं असतं तर मी भुललोच नसतो.

तिथल्या साहेबाने आरपीएलचं नाव काढलं. आधी शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला द्यायचा, हा प्रकार खरा आहे. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आमच्याच शॉपमधल्या दोघा-तिघांनी तशी परीक्षा दिली होती, त्यामुळे शब्द ओळखीचा होता. मग २०२० चं नवं शैक्षणिक धोरण, २०२३ ची राष्ट्रीय क्रेडिट चौकट, अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. ही नावंही खरीच आहेत. मग त्याने कॅल्क्युलेटर काढला. तीस तासांना एक क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी साठवायचं अभ्यासाचं एक माप. तुमची सतरा वर्षं, वर्षाला तीनशे दिवस, दिवसाला आठ तास, झाले ४०,८०० तास. भागिले तीस, १,३६०. "दादा, डिग्रीला एवढी लागतच नाहीत. तुमची ठेव पडून आहे, आपण फक्त पासबुक भरून घेतोय."

काय बोलला बघा. सतरा वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं.

तीस तासांना एक क्रेडिट हे बरोबर आहे. पण कुणीतरी रीतसर मूल्यमापन केल्याशिवाय त्यातलं एकही क्रेडिट जमा होत नाही, हे त्याने गिळलं. आणि त्या क्रेडिट बँकेतलं खातं डिजिलॉकरमधून आपलं आपल्याला उघडता येतं, दहा मिनिटांचं काम आहे. मी उघडलं ते सगळं झाल्यावर. शून्य. तुम्ही पैसे द्यायच्या आधी उघडा.

आता आकडे. जून २०२४ मध्ये नोंदणी ५,५०० ऑनलाइन. जुलैत पहिला हप्ता ४०,००० रोख. ऑगस्टमध्ये "अनुभव मूल्यमापन" १८,००० आणि "मायग्रेशन" ४,७२० ऑनलाइन. म्हणजे ४,००० वर अठरा टक्के जीएसटी. जीएसटी लावला म्हणजे माणूस सरळ असणार, असं मला वाटलं. इतका मी शहाणा! नोव्हेंबरात दुसरा हप्ता ४५,००० रोख, त्यासाठी बायकोची मोहनमाळ पतसंस्थेत ठेवली, ती अजून तिथेच आहे. मग परीक्षा केंद्राचे १२,५०० आणि फेब्रुवारीत पदवी प्रमाणपत्राचे ३,५००. एकूण १,२९,२२०. त्यातले ८५,००० रोख. रोख देऊ नका. पाच टक्के सूट देतो म्हणाला तरी देऊ नका.

पहिल्याच दिवशी क्यूआर स्कॅन केला तेव्हा फोनवर विद्यापीठाचं नाव यायला हवं होतं. आलं एका बाईचं नाव. मी विचारलं, तर "आमच्या अकाउंटंट मॅडम". बरं म्हटलं. पावतीवर शिक्का होता, सही होती, आणि रकमेपुढे छापलं होतं "मार्गदर्शन शुल्क". विद्यापीठाची फी असा शब्द त्या सहा पावत्यांवर कुठेही नाही. जो माणूस व्हर्निअरवर शून्य पॉइंट शून्य दोनपर्यंत माप बघतो, जॉब नो-गो गेजमध्ये गेला की बाजूला टाकतो, त्याने स्वतःच्या पैशाची पावती वाचली नाही.

पण हेही मी स्वतःला माफ केलं असतं. खरी जागा पुढे आहे.

जानेवारीत त्याने गुणपत्रिका दाखवायला बोलावलं. आठ सेमिस्टरच्या आठ, जाड कागद, होलोग्राम, सगळं. परीक्षा म्हणून मी तोवर एवढंच केलं होतं की एका रविवारी त्याच ऑफिसात बसून, समोर ठेवलेल्या उत्तरांवरून, कोऱ्या वह्या उतरवून दिल्या होत्या. एका पानावर बोट ठेवून तो म्हणाला, "बघा, ड्रॉइंगमध्ये एकाहत्तर!" मी एकाहत्तर बघितलं आणि मग त्याच्या वरची ओळ बघितली. परीक्षा : मे २०२१.

मे २०२१ मध्ये मी कुठे होतो? मिरजेत दवाखान्याच्या बाहेर, अण्णांना ऑक्सिजनचा बेड मिळतो का म्हणून फूटपाथवर पेपर अंथरून बसलो होतो. दोन रात्री. अण्णा त्याच महिन्यात गेले. तो महिना मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि या कागदावर मी त्या महिन्यात इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा पेपर देत होतो.

मी विचारलं, "साहेब, हे २०२१ कसं काय?" तो हसला. "दादा, चार वर्षांची डिग्री आज घेतली आणि आज दिली असं दाखवता येतं का? बॅकडेट करावंच लागतं. त्यालाच तर आरपीएल म्हणतात."

आणि मी मान हलवली.

उठायचं होतं तेव्हा. सहा महिन्यांनी रात्री तीन वाजता अजून त्या खुर्चीतून उठतो मी. माझ्या बाजूने एवढंच म्हणतो की तोवर १,२५,७२० गेले होते आणि त्याने टेबलावर ठेवलेल्या कागदावर माझं नाव छापलेलं होतं, शुद्धलेखनाची एकही चूक न करता. एवढा पैसा गेल्यावर माणूस खोटं शोधत नाही, खरं असल्याच्या खुणा शोधतो. तुम्ही माझ्या जागी असता तर उठला असता, असं म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार.

मार्चमध्ये पदवी कंपनीत जमा केली. एचआरने पडताळणीला पाठवली. मे महिन्यात मॅडमनी केबिनमध्ये बोलावून मेल वाचायला दिला. या नोंदणी क्रमांकाचा विद्यार्थी आमच्याकडे नाही. विद्यापीठ खरं आहे, दुसऱ्या राज्यातलं आहे, फक्त त्यांना मी माहीत नाही. बाहेर तो पोरगा, आमचा सुपरवायझर, उभा होता. काही बोलला नाही. तेच जास्त लागलं. नोकरी राहिली, लेखी ताकीद मिळाली.

विश्रामबागेत गेलो तर शटर बंद. फोन बंद.

आता पुढचं ऐका. पहिल्या ठाण्यात हवालदारांनी पावती उलटसुलट बघितली. "मार्गदर्शन शुल्क लिहिलंय. केलं की मार्गदर्शन त्यांनी!" आणि हसले. मग म्हणाले, हे दिवाणी आहे, वकील गाठा. दुसऱ्या ठाण्यात, तुम्ही राहता तिकडे, पैसे दिले इकडे, हद्द तिकडची. वास्तविक जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती घ्यायचीच. मी ते छापून नेलं होतं. साहेबांनी कागद घेतला, वाचला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा एका अधिकाऱ्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं, "बॅकडेट डिग्री तुम्ही घेतलीत, कंपनीत तुम्ही दिलीत. गुन्हा दाखल करायचा तर पहिला आरोपी कोण होईल, विचार करा." तिथून मी मुकाट घरी आलो. पोरं हादरलेली, बायको रडत होती. फसवलेला मी, आणि खिशात अटकपूर्व जामिनाची भीती घेऊन फिरणारा पण मीच!

१९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. हा नंबर पाठ करून ठेवा, पण पैसे गेल्या गेल्या लावायचा. मी लावला तेव्हा पहिल्या रकमेला अकरा महिने झाले होते. फोनवरच्या मुलीने नीट ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला, आणि ४४,२२० चं पुढे काय झालं ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. रोख त्यांच्याकडे येतच नाही. बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्ही स्वतः केलाय. कोल्हापूरच्या एका कार्यालयात गेलो, एक दिवसाची रजा आणि एसटीचं भाडं घालून, तर खासगी क्लास आमच्या अखत्यारीत नाही आणि विद्यापीठ आमच्या राज्यातलं नाही. मग कुणाच्या अखत्यारीत आहे? तर दिल्लीला लिहा. दिल्लीला लिहिलं. विद्यापीठाला तीन मेल आणि एक रजिस्टर पत्र पाठवलं, त्यांचं नाव वापरून सांगलीत दुकान चाललंय म्हणून. उत्तर एका ओळीचं, आमचं कुठेही अधिकृत केंद्र नाही. म्हणजे तुमच्या नावाने कुणी लुटलं तर तुम्हाला काही नाही? फ्लेक्स सहा महिने भर रस्त्यावर लटकत होता. त्याखालून रोज किती साहेबांच्या गाड्या गेल्या असतील.

चिडून आधी सांगायचं राहिलंच. दूरशिक्षणाने इंजिनिअरिंग होत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी अशा दिलेल्या पदव्या रद्दबातल ठरवल्या, २००१ ते २००५ च्या तुकड्यांच्या स्थगित केल्या. तेव्हाच्या पोरांची विद्यापीठं तरी पदवी आपलीच म्हणत होती. माझ्या पदवीला तेवढाही बाप नाही. दूरशिक्षणाचा कुठलाही कोर्स घ्यायचा तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ आणि कोर्स दोन्ही बघा, नुसतं विद्यापीठ बघून भागत नाही.

आणि वाट नाही असं नाही, हेच जास्त जाळतं. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय झालं असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश असतो, तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रक्रियेतून. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. ज्यांना बीए-बीकॉम चालतं, त्या बारावी नसलेल्यांसाठी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने वर्षानुवर्षं पूर्वतयारीची वाट चालवली. माझ्या थोरल्या वहिनी त्याच वाटेने बीए झाल्या, रविवारी डबा घेऊन केंद्रावर जायच्या. मी त्यांना हसायचो. हे सगळं मला २००७ लाही कुणीतरी सांगितलं होतं, पण तेव्हा पगार सुरू झाला होता. वेळ लागतो, वर्गात बसावं लागतं, नापास व्हायची सोय असते. मला तेच नको होतं, हे कबूल करतो.

त्या ऑफिसात पैसे भरलेले अजून सहा जण आतापर्यंत सापडलेत. दोघे मिरजेचे, एक तासगावचा, बाकी कुपवाडचेच. सगळ्यांचे अर्ज एकत्र द्यायचं ठरतंय, एकेकट्याला तेच ऐकवतात. तुम्हीही त्यातले असाल तर क्यूआरवर आलेल्या नावाचा स्क्रीनशॉट, पावत्या, व्हॉट्सअॅपवरचे त्याचे आवाज, काहीही पुसू नका, आणि मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. त्या सहांत एक वेल्डर आहे, ९२,००० गेलेत त्याचे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, अर्जावर सही करतो, पण पत्ता कंपनीचा टाका. घरी अजून माहीत नाही. गुणपत्रिका त्याने फ्रेम करून भिंतीला लावली आहे.